बिनिता-सान ‘ठीक आहे’ म्हणाल्या

११ जानेवारी
आज ‘चित्रपटातील विविधता’ या विषयावर मीटिंग. हजर: आम्ही सगळे पुरुष, सगळे तोक्योचे. लेखिका तोकुनागा-सान यांना बोलवायचं राहिलं. विविधता हवी, हे एकमताने ठरलं.

गोष्ट अशी: एक एकटा तरुण दुकानातल्या मुलीच्या प्रेमात पडतो. रोज तिच्या काउंटरला जातो, पुढे तिच्या घरापर्यंत. दिग्दर्शक कुरामोची-सान याला शुद्ध प्रेम म्हणतात. मुलगी आता परदेशी असेल. बाहेरच्या महोत्सवांत बरं दिसतं. तिला संवाद नाहीत. निर्माते म्हणाले, बोलायला लागली की प्रतिनिधित्वात गुंतागुंत होते.

मी तिसरा सहायक. फिल्म स्कूल अर्ध्यावर सोडल्यामुळे मला कोणी काही विचारत नाही. हात वर करून सांगितलं, माझ्या ओळखीत एक आहे. सगळ्यांनी वळून पाहिलं.

१२ जानेवारी
ओळख म्हणजे स्टेशनजवळच्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानातल्या बिनिता-सान. नेपाळच्या. रोज मला विचारतात, डबा गरम करून देऊ का? इतक्या मायेने आईनेही विचारलं नव्हतं. मागच्या गिऱ्हाइकालाही विचारतात, पण उरकल्यासारखं.

त्यांचं नाव त्यांच्या लिपीत शिकलो. दोन्ही वेलांट्या ऱ्हस्व. याला आदर म्हणतात. आमच्या नायकाला हे सुचलेलं नाही.

१५ जानेवारी, सकाळी
विचारलं: सिनेमात नायिका व्हाल का? त्या हसून म्हणाल्या, “दाइजोबू.” म्हणजे ठीक आहे.

पिशवी देऊ का विचारल्यावर आपण ‘दाइजोबू’ म्हणतो, तेव्हा अर्थ ‘नको’ असतो, हे मान्य. पण तो पिशवीपुरता. शब्दकोश काढला. पहिला अर्थ: निर्धोक, काळजी नसावी. पहिलाच अर्थ धरावा.

कुरामोची-सानना कळवलं, मुलगी पक्की.

१९ जानेवारी
पटकथा पुढे केली. दाइजोबू. फोन नंबर मागितला. दाइजोबू. नंबर मिळाला नाही, पण नकारही मिळाला नाही. सुटल्यावर घरापर्यंत सोबत करू का, विचारलं. निव्वळ सुरक्षितता; हे सिनेमातच वाईट दिसतं. यावर दाइजोबू, दाइजोबू, दाइजोबू. इतका होकार मला आयुष्यात कोणी दिलेला नाही.

मग मॅनेजर स्वतः काउंटरवर आले. संकल्प: दुकानात दिवसातून एकदाच.

२० जानेवारी
तीनदा गेलो. एकदा मोजे आणायला. मोजे लागतात.

२४ जानेवारी
शूटिंग तोंडावर, करारावर सही नाही. कुरामोची-सान म्हणाले, मुलगी नसेल तर उद्यापासून तूही नाहीस. शेवटी तोकुनागा-सान दुकानात जाऊन आल्या आणि थेट माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या.

“नुकागा, ती आठवडाभर तुला नको म्हणतेय. तूही जपानीच ना रे?”

परदेशी माणसांच्या बोलण्यात संदिग्धता असते, असं मी नम्रपणे निदर्शनास आणलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

तरी बिनिता-सान काम करणार. भूमिकेला नाव आणि संवाद हवेत, ही अट तोकुनागा-साननी लगेच मान्य केली. दुसरी अट कुरामोची-साननी मला बाजूला घेऊन सांगितली: शूटिंग त्यांच्याच दुकानात होईल, तेव्हा मी आत नसावं. माझ्यासमोर त्यांना अवघडत असणार. स्वाभाविक आहे. नोकरी राहिली.

२८ जानेवारी
दुकानाबाहेर, फुटपाथवर ड्यूटी. जाणाऱ्यायेणाऱ्यांना थोपवायचं. कडाक्याची थंडी. सकाळी कपडेपटवाल्याने माझं जॅकेट मागून नेलं. म्हणाला, नायकाचा नेमका वेष शेवटी सापडला.

वॉकी-टॉकीवर बिनिता-सानचा संवाद ऐकू आला. स्वच्छ उच्चार. “नको म्हणजे नको, साहेब. बाजूला व्हा, मागे लोक खोळंबलेत.” आत टाळ्या.

भाजीची ढकलगाडी घेऊन एक आजी थांबल्या. काचेतून बघून म्हणाल्या, तो जॅकेटवाला पोरीला छळतोय, पोलिसांना सांगितलंत का? मी म्हटलं, आजी, तो नायक आहे, आणि ही प्रेमकथा आहे.

त्यांनी पुन्हा आत पाहिलं, मग माझ्या कुडकुडण्याकडे.

“मग तुला का बाहेर काढलंय?”

गर्दी आवरायला, असं सांगितलं. गर्दीत त्या एकट्याच होत्या.