काळ्या बंपरखालचे थर

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून कामावर रुजू झालो. रंगाच्या दुकानदारानं फुकट दिलेली ही डायरी कधीची कोरी पडली होती, तिलाही आज काम लागलं. गॅरेज ऐसपैस आहे, छपराला काचा आहेत, दिवसभर लख्ख उजेड. माझं काम एवढंच की गाड्यांच्या प्लॅस्टिकच्या भागांवरचा, म्हणजे मुख्यतः बंपरांवरचा, जुना रंग काढायचा. नवा रंग मारणारा वेगळा आहे, त्याला सगळे पेंटर म्हणतात. बोलायला महाग माणूस, पण पहिला चहा त्यानंच पाजला.

मालकांना मी आल्या आल्या सांगून टाकलं की तीन वर्षांपूर्वी याच जागेवर माझा थोरला भाऊ होता. ते म्हणाले, हो, हात चांगला होता त्याचा, पण एक दिवस जेवणाचा डबा इथंच टाकून जो गेला तो गेला. आमच्याकडेही हेच झालं. दादा सकाळी कामाला म्हणून निघाला आणि परागंदा झाला. वहिनी अजून म्हणते की तो असा नाही. मी तिला तोंडावर सांगतो की तो असाच आहे. अंथरुणाला खिळलेली आई माझ्या गळ्यात घालून साहेब मोकळे झाले. त्याचा ठावठिकाणा इथं कुणाला तरी माहीत असणारच. सापडला की आधी दोन कानाखाली वाजवीन आणि मग वहिनीसमोर नेऊन उभा करीन. तूर्त खुशीत आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

काम दिसतं तितकं सोपं नाही. पत्र्यावरचा रंग काढायला लाल डब्यातलं जालीम रिमूव्हर असतं. ते लावलं की रंग सुरकुतून आपोआप सुटतो. प्लॅस्टिकला मात्र ते वर्ज्य, कारण प्लॅस्टिक ते पिऊन घेतं, मऊ पडतं आणि मग त्यावर जन्मात रंग धरत नाही. आमच्यासाठी निळा डबा, सौम्य. तोही आधी बंपरच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी थोडासा लावायचा आणि दहा मिनिटांनी नख दाबून बघायचं. नख रुतलं तर डबा बाजूला ठेवून पाणी आणि पॉलिश पेपर घेऊन घासत बसायचं. पेंटरनं हे सगळं एकदाच सांगितलं, आणि लाल डब्याचं दोनदा.

मागच्या भिंतीवर एक काळा बंपर टांगलेला आहे. मालक म्हणाले की हाताला काम नसेल तेव्हा तो घे, इथल्या प्रत्येक नव्या माणसाचा हात त्यावरच बसला. कुणाच्या गाडीचा म्हणून विचारलं, तर त्यांना तेवढ्यात फोन आला. वाजलेला मला तरी ऐकू आला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

काळ्याखाली चंदेरी निघाला, त्याखाली लाल, लालखाली पांढरा; हात बसावा म्हणून प्रत्येक थराची एक पट्टी शिल्लक ठेवत चाललो आहे. बंपरला रंगाचे दोन थर असतात, अगदी डोक्यावरून पाणी म्हणजे तीन. हा संपायलाच तयार नाही.

आणखी एक. काळा सोडला तर प्रत्येक थरात एका पंजाचा ठसा आहे. प्रत्येक पंजा वेगळ्या माणसाचा. ओल्या रंगावर हात टेकणारे बावळट कमी नसतात, पण तो ठसा तसाच ठेवून वर रंग मारणारा कसला पेंटर! मी त्याला तसं बोललोही. तो चिडला नाही. म्हणाला, मी रंग मारतो तेव्हा बंपर सपाट असतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

पांढऱ्याखाली हिरवा. हिरव्यात उजवा पंजा, आणि तर्जनीचं पहिलं पेर नाही.

दादाचं ते पेर मी तोडलं. सात वर्षांचा होतो, रागाच्या भरात दार आपटलं, तेव्हा त्याचं बोट फटीत होतं. त्यानं आईला सांगितलं की वाऱ्यानं दार लागलं. आजही तिला तेच माहीत आहे.

बोट फिरवून नीट न्याहाळलं. हात टेकला तर खळगा पडेल. हे ठसे वर आलेले आहेत. हात आतून दाबलेले आहेत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पेंटरला गाठलं. तो म्हणाला की दादानंतर तिघं आले. तिघंही डबा, चपला टाकून गेले. माणूस गेला की मालक तो बंपर रंगवायला सांगतात आणि तो रंगवतो. म्हणाला, मला जे हातात देतात त्याला मी रंग मारतो. मी त्याची कॉलर धरली. त्यानं सोडवूनसुद्धा घेतली नाही.

संध्याकाळी वहिनीनं विचारलं, काही कळलं का. मी नाही म्हणालो. तीन वर्षं तिच्यासमोर त्याला पळपुटा म्हणत आलो. आता कुठल्या तोंडानं सांगू?

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल दादाच्या ठशाची बोटं पसरलेली होती. आज मिटत आली आहेत. भर दुपारी, चार माणसं वावरत असताना, त्यांवर तळहात ठेवला. ऊब आहे.

मालक म्हणाले की शनिवारी त्या बंपरला प्रायमर आणि वर नवा रंग. म्हणजे दादा पुन्हा खाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

निळ्या डब्यानं काही होत नाही. जितका थर निघतो तितका दादाचा हात आत सरकतो. पेपरनं घासायचं तर — त्याचीच कातडी घासल्यासारखं वाटतं. सगळे ठसे आज माझ्याकडे वळले होते. लिहवत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवणाची सुट्टी. शेड रिकामी. लाल डबा घेतला. प्लॅस्टिक मऊ पडेल, माहीत आहे. पडू दे. उद्या प्रायमर —

मऊ झालं. नख नाही, अख्खी बोटं रुतली. दादाचा हात लागला. धरला.

ओढतो तर येत नाही. तो ढकलतोय. वाटलं, राग आहे माझ्यावर. तसं नाही, मला बाहेर ढकलतोय. मी सोडला नाही — आता सोडला तरी —

मनगट आत. डाव्या हातानं लिहितोय. बाकीचे तिघं ढकलत नाहीत. ओढतात.

पेंटरला हाका मारल्या. दारात आला. बघितलं. आत जाऊन पंप सुरू केला, रंगाचा.

कोपर. डायरी फळीमागे सारतोय. सापडेल त्यानं आमच्या घरी —

वहिनी, दादा गेलाच नव्हता. इथंच होता. तुझंच खरं. पेर मी तोडलं, आईला सांग. आणि हेही सांग की मीही पळून —