या वेळची गाडी

क्लाइव,

अपंगांसाठीच्या योजनेतली माझी भाड्याची गाडी काल परत गेली. मागच्या वेळी ती तूच निवडली होतीस. "डोरीन, उंच गाडी बरी, रस्ता छान दिसतो," म्हणालास. माझी व्हीलचेअर तिच्यात धड मावत नव्हती. पण चालवणारा तू, म्हणून मी सही केली.

मग गाडी तुझ्याच दारात राहायला लागली. आई गेली त्या रविवारी तू गाडी घेऊन समुद्रावर गेला होतास. वृद्धाश्रमातून फोन आला, "लगेच या." खुर्चीसकट नेणारी टॅक्सी मिळेपर्यंत संध्याकाळ झाली. मी पोचले तेव्हा आईच्या पलंगावरची चादर काढून झाली होती. अंत्यविधीनंतरच्या चहापानाला तू म्हणालास, "वेळेवर आली असतीस तरी तिने ओळखलं नसतं." मी सँडविच वाटत राहिले.

आज ग्रिम्सबीच्या शोरूममध्ये शेजारची मॅविस सोबत होती. विक्रेता तिलाच विचारत होता, "चालवणार कोण, मॅडम?"

"मला काय विचारता? गाडीवाली समोर बसलीय," मॅविस म्हणाली.

खुर्चीसकट आत जाता येईल आणि ब्रेकसुद्धा हातानेच लावता येईल, अशी गाडी मी घेतली. चालवायला हिवाळ्यातच शिकले. तुला सांगितलं नाही.

संध्याकाळी तुझा फोन आला. "नवी गाडी कधी येतेय? मला सोफा आणायचाय."

"व्हॅन मिळते भाड्याने," मी म्हटलं. तू हसलास.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. वाचलंस तर माफी मागायला येशील, आणि निघताना किल्ली मागशील.

नाइलाजाने तुझीच बहीण,
डोरीन