तोंडात टाचण्या आणि व्याह्यांशी इंग्रजी

ती. मेहुणेसाहेब यांस,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा, तुमचा दमा आणि वहिनींचा राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल आहेत, फक्त मी सोडून.

चिरंजीवाचं लग्न ठरल्याचं कळलंच असेल. मुलीच्या वडिलांना आपली भाषा येत नाही म्हणाला. मग उरली कोणती? इंग्रजी! आणि मी पडलो सातवी नापास शिंपी. (नापासही इंग्रजीतच. तुम्हाला काय सांगायचं? पेपर तुम्हीच तपासला होता. नापास केलंत आणि वर बहीण दिलीत!) व्याह्यांसमोर पोराची मान खाली जायला नको म्हणून या वयात शिकवणी लावली. तिथल्या बाई उठल्यासुटल्या विचारतात, ‘सिन्स’ की ‘फॉर’? ‘से’ की ‘टेल’? ‘ए’ की ‘द’? मला मेल्याला कच्चा टाका घातल्याशिवाय काही पक्कं करायची सवय नाही. वाक्यसुद्धा मी आधी मनात टाचतो, ट्रायल घेतो, मग बोलतो. तोवर समोरचा घरी पोचलेला असतो. (परवा दारात उभा राहून ‘मे आय कम इन’ शिवत होतो, तेवढ्यात शिकवणी सुटली.)

अशात व्याही ठरल्यापेक्षा आधीच येऊन थडकले. मी चिरंजीवाचा कोट टाचत होतो. धांदलीत तोंडातल्या टाचण्या काढायच्याच राहिल्या, त्यामुळे ‘हॅलो’ म्हणायला गेलो तर नुसतं ‘हूं’ बाहेर पडलं. एवढ्यात त्यांच्या कोटाची उसवलेली कड दिसली आणि हात आपसूक तिकडे गेला. त्यांना स्टुलावर उभं केलं. शिंप्यापुढे उभा केलेला माणूस आपणहून बोलायला लागतो, हा धंद्यातला अनुभव. हेही सुटले! मधूनच ‘ओके’, ‘थँक्यू’ असं ओळखीचं काही यायचं, बाकी सगळी आगगाडी. मी आपला ‘हूं’, ‘हंहं’, आणि एकदा ओठाला टाचणी टोचली तेव्हा ‘अगाई गं!’ त्या ‘अगाई’वर तर ते डोळे पुसत माझ्या गळ्यातच पडले. तुमची बहीण पाणी घेऊन आलेली, ती दारातच थिजली. व्याही गेल्यावर म्हणते, “एवढं इंग्रजी येतं तुम्हाला, आणि माझ्याशी मात्र जन्मभर नुसतं हूं हूं?”

आता चिरंजीव सांगतो, “बाबा, सासरे जाम खूश आहेत. लग्नात पाहुण्यांसमोर तुम्हीच दोन शब्द बोला म्हणतायत.” दोन शब्द! ‘ए’ आणि ‘द’ घेतले तरी आधी कुठला? भर मांडवात पोराचं हसं होणार.

तुमचाच,
नापास विद्यार्थी

ता. क. भाषण लिहून पाठवू नका. फक्त पुढच्या रांगेत बसा. मला बोलायला उठवलं की स्वतःच्या सदऱ्याची एक बाही खांद्यापासून टर्रकन फाडा आणि “शिंपी! शिंपी!” म्हणून ओरडा. मी टाचण्या तोंडात घालून धावत येईन. पुढचं मला जमतं.

ता. ता. क. पाकीट चिकटवणार तोच चिरंजीव पोट धरधरून हसत आला. व्याह्यांना म्हणे इंग्रजीचं अक्षर येत नाही! तासभर ते स्वतःच्याच भाषेत बोलत होते, आणि ती मला इतकी छान कळते म्हणून गहिवरले होते. भाषण त्याच भाषेत हवंय. मेहुणेसाहेब, कृपा करून दोन्ही बाह्या फाडा.