शेगडीमागचे दोन टोले

मी, हेस्टर आल्डरसन, वय एक्क्याऐंशी, राहणार ‘ब्लॅक रॅम’ पब, थॉर्नरिग, यॉर्कशर, गुडघे सोडून बाकी सगळं शाबूत असताना आणि कोणाच्याही सांगण्याला न भुलता ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. आधीचे कागद रद्द समजावेत.

१. पब आणि त्याला लागून डावीकडचं रिकामं घर, वरच्या दगडी कौलांसह, माझ्याकडे बिअर भरणाऱ्या टॅम्सिन पीकॉकला द्यावं. तिने ते सुट्टीवाल्यांना भाड्याने देऊ नये. हिवाळ्यात आमच्या रस्त्यावर मोजक्याच खिडक्यांत उजेड असतो आणि मला ते सोसत नाही.

२. उजवीकडचं घर माझ्या थोरल्या भावाचं, रोलंडचं. पण मधली भिंत दोघांची, म्हणून लिहिते. त्याने दर्शनी दगडांमधला चुना खरवडून सिमेंट भरलं. ओल आत कोंडली आणि माझ्या बाजूने फुटली. मी भर पबात म्हणाले, “भिंतीला श्वास लागतो रे! तुझ्यासारखं तोंड शिवून बसता येत नाही तिला.” सगळे हसले. “आता बघच कसं शिवतो ते,” म्हणाला आणि त्याने आमच्या घरांमधलं दार दगडांनी चिणून टाकलं. तेही सिमेंटनेच. तेव्हापासून अबोला. हा राग मी कोणाला देत नाही, बरोबर नेणार आहे.

३. आमच्या शेगड्या त्याच भिंतीत पाठीला पाठ लावून आहेत. इथली जुनी रीत अशी, की दिवेलागणीला शेगडीमागच्या बिडाच्या पत्र्यावर सळईने दोन टोले द्यायचे, म्हणजे मी ठीक आहे. पलीकडून दोन आले की तिकडेही ठीक. तीन म्हणजे धावून ये. बोलणं सुटलं, पण टोले आम्ही दोघांनीही सोडले नाहीत.

गेल्या जानेवारीत मी पडले आणि तीन टोले दिले. रोलंड आला, पण रस्त्याने वळसा घालून, बर्फातून, घरातल्या सपातांवर.

“दार असतं तर पाय भिजले नसते,” मी म्हणाले.

“पडायला उन्हाळा नाही का मिळाला तुला?”

त्याने मला खुर्चीत बसवलं आणि तो चहा न घेताच गेला. मला वाटलं होतं, थांबेल.

४. सळई टॅम्सिनला. रोलंड आहे तोवर तिने रोज दिवेलागणीला दोन टोले द्यावेत. हात माझा नाही हे त्याला पहिल्याच टोल्याला कळेल, तरी द्यावेत. जूनमध्ये तो दवाखान्यात होता, तेव्हा पलीकडे कोणी नाही हे ठाऊक असून मी टोले द्यायचे आणि भिंतीला कान लावून बसायचे. फार एकटं वाटायचं. ते त्याच्या वाट्याला येऊ नये.

टॅम्सिन विचारते, “आणि म्हातारा खेकसला तर?”

खेकसू दे. खेकसला म्हणजे ठीक आहे.

साक्षीदार (टॅम्सिनला सही करायची होती, पण जिला मिळायचं तिची साक्ष चालत नाही):
एडगर फॉसेट, मेंढपाळ
म्युरिएल डिनस्डेल, पोस्टमास्तरीण

सही: हेस्टर आल्डरसन
थॉर्नरिग, ९ नोव्हेंबर २०११