तीन शिट्ट्या

२१ सप्टेंबर, रविवार
अंगावरचा चिखल धुतला, राग तसाच आहे.
टाउनशिपच्या हायकिंग क्लबची आज रातापानीच्या जंगलात हाइक. रांगेच्या शेवटी मी. शेवटी असेल त्याच्याकडे शिट्टी. तीनदा वाजली की कुणी पुढे जायचं नाही. नियम सक्सेना साहेबांचाच. आमचे लीडर, कारखान्यात बाबांचे साहेब. (पुढे नुसतं स.सा. लिहीन, पूर्ण नाव लिहायची इच्छा नाही.) "सीटी बजी तो मैं भी रुकूँगा," असं मैदानावर सगळ्यांसमोर म्हणाले होते.
नदीत उतरलो तेव्हा पाणी गुडघ्याखाली, तळाचे दगड दिसत होते. मग दिसेनासे झाले. पाणी गढूळ, त्यात पालापाचोळा, एक अख्खी हिरवी फांदी. आमच्यावर ऊन होतं, पण वर डोंगरात पाऊस झाला असणार. मी वाजवली. तीनदा. जवळजवळ सगळे मागे फिरले. स.सा. मधोमध होते. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि दोघातिघांना घेऊन पुढे गेले.
पार झाले खरे. पिशवी वाहून गेली, एक बूट गेला. पाणी उतरेपर्यंत ते त्या काठावर, आम्ही या काठावर. डबे आमच्याकडे.

२२ सप्टें.
कॅन्टीनमध्ये वेगळीच गोष्ट चालू आहे, बाबांनी सांगितली. मुली घाबरल्या, रडल्या, त्यांच्यामुळे टोली तुटली.
कोण रडलं? एक नाव सांगा.
आई पोळ्या लाटता लाटता, "बी.एस्सी. झालीस, आता नदीलाही शिकव." घरातली पहिली पदवी माझी. तेव्हा हिनेच अर्ध्या टाउनशिपमध्ये पेढे वाटले होते.

२५ सप्टें.
क्लबच्या बोर्डावर नोटीस. डिसेंबरच्या पचमढी शिबिरासाठी मुलींची नावं घेणार नाहीत, 'सुरक्षा की दृष्टि से'. कुणाची सुरक्षा? आम्ही तर काठावर होतो. बूट कुणाचा गेला?
तडक स.सा.कडे गेले. बसवलं, चहा मागवला. फार गोड बोलले. "बेटा, जंगल में लीडर एक ही होता है।"
म्हटलं, सर, मग शिट्टी कशाला दिली होती?
हसले. रविवारी मीटिंग आहे, तिथे सॉरी बोल दो, कह दो घबरा गई थी। बात ख़तम, लड़कियाँ भी चलेंगी। और हाँ, सीटी जमा कर देना।
चहा प्यायले नाही. तेवढंच जमलं मला.

२६ सप्टें.
नंदा आली, शेजारच्या क्वार्टरमधली. "बोल दे ना यार सॉरी. तुझं काय झिजणार आहे? मार्चमध्ये माझं लग्न. मग कोण पाठवणार आहे मला पहाडावर?"
तिचाही राग आला. त्या दिवशी पाण्यातून सगळ्यात आधी मागे वळली ती हीच, माझ्या मनगटावर अजून तिच्या नखांच्या खुणा आहेत. तेव्हा नाही विचारलं, लीडर कोण.
पण ती खोटं काय बोलली? स.सा.ना हे पक्कं ठाऊक असणार. मला वाकवायला त्यांना काहीच करायला नको, नंदाच येईल.
जेवताना बाबाही तेच. "मला रोज त्यांच्यासमोर उभं राहावं लागतं, बाई."
"पाण्यात मीपण उभीच होते, बाबा."
ताट सरकवून उठले. बोलायला नको होतं कदाचित. बोलले ते बोलले.

२७ सप्टें., शनिवार
आरशासमोर म्हणून बघितलं. मैं घबरा गई थी। सहज निघतं तोंडातून. त्याचीच चीड येते.
हे एकदा म्हटलं की पुढे ज्या मुलीकडे शिट्टी जाईल, गेलीच तर, ती पाण्याकडे बघायच्या आधी स.सा.च्या तोंडाकडे बघेल. आणि नाही म्हटलं तर नंदाची पचमढी माझ्यामुळे

बाबा शिफ्टवरून आले म्हणून अर्धवट सोडलं होतं. हातपाय न धुता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.
"पाणी कुठवर होतं?"
इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी हे विचारलं. मी गुडघ्याला हात लावला, मग कमरेपर्यंत नेला. "बघता बघता एवढं झालं."
"शिट्टी ऐकू गेली त्यांना?"
"वळून बघितलं त्यांनी."
डबा आत ओट्यावर ठेवला. मग, "उद्या मीही येतो. मागे बसेन."
आई म्हणाली, "तुमचं काय काम तिथे?" ते पांढऱ्या शर्टाला स्वतःच इस्त्री करत बसले. दिवाळीला साहेबांच्या बंगल्यावर जाताना घालतात, तो शर्ट.
मी काय बोलणार, ते त्यांनी विचारलं नाही. ते माझ्यासाठी येतायत की साहेबांसाठी, ते मीही विचारलं नाही.