फक्त अ‍ॅडमिन

साहेब,

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या शेतकी ऑफिसात एकच फोन होता आणि पावसाळ्यात तोही मेलेला असायचा. आता माझ्या पर्समधल्या फोनवर आपल्या सगळ्या गावांचे शेतकरी येऊन बसलेत. करप्याचं पान, खोडकिड्याने खाल्लेला भात, नारळावरचा भुंगा, सगळ्याचे फोटो ग्रुपवर येतात आणि मी आमटीला फोडणी देता देता औषध सांगते. तुम्ही आधी हसला असतात, मग चष्मा पुसून माझ्याकडून शिकूनही घेतलं असतंत. खोटं कशाला बोलू, मला या ग्रुपचा अभिमान आहे. लष्करी अळीचा इशारा एका दुपारीत घरोघर पोचला होता. आपल्या त्या जीपने आठवडा घेतला असता, तोही ती वाटेत बंद पडली नसती तर.

पण ग्रुप म्हटला की माणसं आली, आणि माणसं गप्प बसतात थोडीच. सकाळ झाली की गुलाबाची फुलं, देवांचे फोटो, जुम्मा मुबारक, कुणाचा साखरपुडा, कुणाची हरवलेली म्हैस. या गर्दीत एकाचा करपलेल्या भाताचा फोटो खाली गाडला गेला आणि माझ्या नजरेस पडेपर्यंत उशीर झाला. डोकं फिरलं माझं. सेटिंगमध्ये गेले आणि 'फक्त अ‍ॅडमिन' करून टाकलं. म्हणजे मी बोलणार, बाकीच्यांनी नुसतं वाचायचं. काय शांतता झाली हो. तालुक्याच्या बैठकीत शिस्तीचा ग्रुप म्हणून माझं कौतुकही झालं. ज्याला काही विचारायचंय तो फोन करील, असं मी धरून चालले.

बोर्ली पंचतनच्या पलीकडल्या गावातला तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मी नोकरीत नवीन, सगळ्याची घाई. एक आजी पडवीत बसून लेकीच्या सासरचं गाऱ्हाणं सांगतेय आणि मी मध्येच म्हणते, "आजी, भाताचं बोला." आजी गप्प होते. मग भाताचंही बोलत नाही. जीपमध्ये बसल्यावर तुम्ही म्हणालात, "तुला घाई असेल तर उद्यापासून ऑफिसात बस. माणूस काय रेडिओ आहे, कान पिळून बंद करायला?" मला इतका राग आला की मी तुमच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. आणि तुम्ही काही झालंच नाही अशा थाटात रोज दुपारी तुमच्या डब्यातलं लोणचं माझ्या पोळीवर वाढत राहिलात.

समुद्रालगतच्या एका गावात एका चाचांची सुपारीची वाडी आहे. मुलगे आखातात. ते म्हणतात, वाडी विकून टाका, आमच्याकडे या. चाचा ऐकत नाहीत. यंदा पीक नीट आलं तर पुन्हा विषय काढणार नाही, असं मुलांनी कबूल केलं होतं. हे मला चाचांनीच मोठ्या खुशीत सांगितलेलं. श्रावणात दुसऱ्याच कामाला त्या गावात गेले होते, म्हटलं डोकावून यावं. बघते तर झाडांखाली हिरव्या, कोवळ्या सुपाऱ्यांचा सडा. कोळेरोग. पावसात सुपारी कुजवून गळवणारी ही बुरशी सुरुवातीला सापडली, तर खराब घोस काढून, उघडीप बघून बोर्डो मिश्रण फवारता येतं. आता वर झाडाला वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

चाचीने स्वयंपाकघरात नेऊन घावन वाढले. चाचांनी फोन आणून माझ्यापुढे धरला. पहिल्या फोटोत तळहातावर दोन सुपाऱ्या. मग ओंजळभर. मग सूपभर. मग नुसती जमीन. माणूस रोज फोटो काढत होता, साहेब. रोज आमचा ग्रुप उघडून बघत होता की आज पाठवता येतंय का.

"चाचा, फोन का नाही केलात?"

"केला असता. पन तुमी समद्यांचंच बोलनं बंद केलंत. म्हटलं मॅडमला तकलीफ होतेय आमची. मग आपुन कशाला आनखी तकलीफ द्यायची?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, ती असती तर मी भांडले तरी असते. चाची म्हणाली, "खा तुमी, गार व्हतंय." निघताना चाचांनी एवढंच सांगितलं की मुलगा सुट्टीवर येणार आहे, गिऱ्हाईक बघून ठेवलंय म्हणतो.

संध्याकाळी घरी येऊन मी ग्रुप सगळ्यांसाठी खुला केला. वर लिहिलं, 'काही तांत्रिक कारणामुळे ग्रुप बंद होता, क्षमस्व.' लोकांना खरंच वाटलं. कुणी विचारलंही नाही, इतक्या दिवसांचं कुठलं हे तांत्रिक कारण. सगळ्यात पहिला अंगठा चाचांचा आला.

त्यानंतर दोनदा त्यांच्या गावाच्या फाट्यापर्यंत गेले आणि गाडी वळवून परत आले. हे सगळं त्यांच्यापुढे बसून बोलायचं होतं, साहेब. तुमच्यापुढे मान खाली घालायची मला सवय आहे, म्हणून तुम्हाला लिहितेय.