पूर्णेतला गोटा

गोरेगाव, पौष शु. ११, शके १८५९

तीर्थस्वरूप सोनाजीमामांस,
भागाचा शि. सा. नमस्कार वि. वि. घरी सगळी खुशाल आहेत असं लिवायची रीत आहे, पण तुमच्यापाशी खोटं काहून लिवू? दिवाळीत बाबाच्या उजव्या अंगावरून वारं गेलं ते तुमी पाहून गेलातच. पाय आता ओढत ओढत चालतो. हात मात्र मांडीवर पडलेला असतो. माय घास भरवते, तवा बाबा भिंतीकडं पाहतात.

माझं लगन वारंग्याला वैशाखात धरलं. काल बाबानं रखमाजीकाकाला बोलावलं आन् सांगितलं, कन्यादानाचं पाणी तूच सोड, डाव्या हातानं कोणी लेक देते काय. काका रडले, पण व्हय म्हणाले. मी चुलीपाशी बसून ऐकून राहिले होते.

मामा, काका चांगले आहेत, पण मला बाबाच्याच हातानं जायचं आहे. तुमी तालमीत मोडलेली पोरं उभी करता. आमचं ते ऐकत न्हाईत, सोनारानंच कान टोचावे. मामीला नमस्कार सांगा. तुमी पत्राला आळशी, भाचीवर जीव असंल तर या खेपेला तरी लवकर लिवा.
तुमची भागा

सिद्धेश्वर, पौष व. ६

चि. भागास,
सोनाजीमामाचा आशीर्वाद. आळशी म्हणलीस म्हणून ताबडतोब लिवतो. रडू नको. लाकूड झालेला हात वेगळा आन् झोपलेला हात वेगळा. दाजीचा झोपला आहे, त्याला रोज हलवून उठवायचं.

त्याला काही विकत आणायचं काम न्हाई. विहिरीवरची जुनी कप्पी घराच्या आढ्याला टांग, तिच्यातून दोर घाल. एक टोक उजव्या मनगटाला फडक्यानं बांध, दुसरं डाव्या हातात दे. डावा खाली ओढला की उजवा वर जातो. ओलं धडपं मुठीत देऊन पिळायला लाव. हात जरा जागा झाला की वजन लागंल, ते मी शोधून पाठवतो.

दाजी चिडतील. चिडू दे, चिडलेला माणूस जिता असतो. अक्काला नमस्कार. अशीच धीराची राहा आन् मामावर लोभ ठेव.
सोनाजी

गोरेगाव, फाल्गुन शु. ३

ती. मामांस,
भागाचा नमस्कार. कप्पी टांगली. बाबानं दोन दिवस दोर ओढला, तिसऱ्या दिवशी भिरकावला. मी काय मोटेचा बैल आहे काय, म्हणाले. धडप्याला तर हात लावला न्हाई. मायनं बोलून पाहिलं, तवा जेवले न्हाईत.

पुढचं ऐका आन् मला रागावू नका. शिवरात्रीची औंढ्याची जत्रा करून आमच्या आळीतल्या रामसिंगाची गाडी परत आली. त्यानं एक काळा गुळगुळीत गोटा ओट्यावर ठेवला, सोनाजीनं दिला म्हणाला आन् गाडी हाकून निघून गेला. मी पाणी घेऊन येईपर्यंत मायनं गोट्याला भस्म लावलं, बेल वाहिला, तुळशीपाशी बसवला. औंढ्याहून देव चालत घरी आला, म्हणते. आळीतल्या बाया नारळ घेऊन येऊन राहिल्या. मामा, हे तुमचं वजनच आहे ना? आता त्याला हात कसा लावावा?

माझा जीव थाऱ्यावर न्हाई. वाट पाहते, मायेत अंतर पडू देऊ नका.
भागा

सिद्धेश्वर, फाल्गुन शु. १२

चि. भागास आशीर्वाद.
हसून हसून माझं पोट दुखलं, मग मामीनं दिवस मोजून दाखवले आन् हसू गेलं. पोरी, तो पूर्णेच्या पात्रातला गोटा आहे. आधी तळव्याखाली घोळायचा, मग दोन्ही हातांनी उचलायचा. देवाला उचलून जोर कोण काढील?

अक्काला खरं सांग. भोळी आहे, तिला वाईट वाटंल, पण वैशाख कोणासाठी थांबत न्हाई. पाहिजे तर शिव्या माझ्या नावानं घालू दे. आहे तो जिव्हाळा राहू दे.
सोनाजी

गोरेगाव, चैत्र शु. ९, शके १८६०

ती. मामांस,
भागाचा नमस्कार. मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, “त्या नदीवर मी लगनापर्यंत धुणं धुतलं. पूर्णेतला गोटा मला कळत न्हाई व्हय?”

मामा, तिला पहिल्या घटकेपासून माहीत होतं! कसरत कर म्हटलं तर तुझा बाप ऐकत न्हाई, म्हणाली, पण देवाला पाणी घाल म्हटल्यावर न्हाई म्हणायची त्याची छाती न्हाई. तिनं बाबाला सांगितलं आहे, घरधन्याच्या उजव्या हाताचंच पाणी देवाला चालतं. आधी इवलीशी लोटी दिली, कोपराला स्वतः हात लावला. मग अर्धा तांब्या. आता भरलेला तांब्या उचलतात आन् कोपर धरू देत न्हाईत. हात थरथरतो, अर्धं पाणी धोतरावर सांडतं, पण छातीपर्यंत येतो.

आन् तुमी तिला भोळी म्हणता. बाबापाशी बोलू नका. लगनाला चार दिवस आधी या, तुमच्या येण्याकडं डोळे लागले आहेत.
भागा

वारंगा, वैशाख व. २

ती. मामांस,
भागाचा सासरहून नमस्कार. सासू बरी आहे, पाणी जवळ आहे, काळजी नसावी.

मांडवात तुमी बाबाच्या पाठीमागं उभे होतात, म्हणून तुमाला बाबाचं तोंड दिसलं नसंल. मला दिसलं, ते लिवते. गुरुजींनी पाणी सोडा म्हटलं. रखमाजीकाका आधार द्यायला पुढं झाले, तर बाबानं त्यांना डाव्या हातानं मागं सारलं. उजव्या हातानं झारी उचलली, आमच्या हातांवर आणली आन् तिथंच थांबले. गुरुजी पुन्हा म्हणाले. झारी वाकडी होईना. काका घाबरले, हात गेला म्हणून माय पदर तोंडाला लावून बसली. सगळ्यांनी तेच धरलं, तुमीही तेच धरलं असंल.

हात गेला न्हवता, मामा. मी खालून पाहून राहिले होते, झारी जराही थरथरत न्हवती. बाबालाच पाणी सोडवेना.

ज्या हातासाठी मी तुमाला येवढी पत्रं लिवली, त्याला मलाच हळू सांगावं लागलं, “बाबा, सोडा आता.” मग त्यांनी सोडलं.

माहेरापासून दूर गेलेली, पण तुमचीच,
भागा